बँड शोधू नकोस, कॅमेरा शोध

अमळनेरहून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आलाय. साठ-सत्तरच्या दशकातले सायकेडेलिक आणि अंडरग्राउंड बँड प्रत्यक्ष वाजवताना त्याला बघायचेत. यूट्यूबवर नाव टाकलं की तेच ते पाच-सात व्हिडिओ वर येतात आणि त्यातले निम्मे खरे वाटत नाहीत, असं तो म्हणतो. शिवाय त्याच्या मामांकडे नव्वदच्या दशकात केबलवरून रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेटींचं एक खोकं आहे, त्यांना बुरशी लागलीय, त्यांचं काय करायचं तेही विचारलंय. जुन्या कॅसेटी आणि एट एमएम फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा जळगावात माझा व्यवसाय, आणि या संगीताचं फुटेज गोळा करणं हा त्याहून जुना नाद. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

भाऊ, आधी बँडच्या नावाने शोधणं थांबव. बँड स्टेजवर होता, फुटेज मात्र कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे राहिलं. तो माणूस टीव्ही केंद्राचा नोकर होता, की बातमीसाठी आलेला, की फिल्म काढायला निघालेला दिग्दर्शक, की वडिलांचा घरगुती फिल्मचा सुपर एट कॅमेरा मागून आणलेला एखादा पोरगा, हे कळलं की कुठल्या कपाटात हात घालायचा ते कळतं. प्रत्येकाचं कपाट वेगळं, आणि त्यावर लिहिलेलं नावही वेगळं. बँडचं नाव तर पुष्कळदा त्यावर नसतंच.

टीव्हीपासून धरू, कारण तिथे साठा मोठा आहे. पश्चिम जर्मनीत रेडिओ ब्रेमेनचा ‘बीट-क्लब’ हा कार्यक्रम १९६५ ते १९७२ चालला. शेवटच्या काळात तो रंगीत झाला आणि दिग्दर्शक माइक लेकेबुश वादकांच्या मागे विजेरी रंगांचे लोट सोडायला लागला. क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं १९७१ चं तिथलं फुटेज बघ. त्यात बँडचा एक संस्थापक राल्फ ह्युटर नाही. फ्लोरियान श्नायडर आहे, आणि त्याच्याबरोबर मिखाएल रोथर आणि क्लाउस डिंगर. पुढे हे दोघे बाहेर पडले आणि त्यांनी ‘नॉय!’ हा बँड काढला. या तिघांच्या जोडणीचा एकही अल्बम निघाला नाही, म्हणजे ते एकत्र कसे वाजवत होते हे बघायचं तर असं फुटेजच बघावं लागतं. अशा तुकड्यांसाठी मी जीव टाकतो. प्रसिद्ध गाण्याची विसावी आवृत्ती मिळाली तर बरं वाटतं, पण जे दुसरीकडे कुठेच नाही ते मिळालं की झोप येत नाही.

तर तू ‘क्राफ्टवर्क लाइव्ह’ शोधत बसलास तर नंतरच्या वर्षांचे यंत्रमानव समोर येतील. कार्यक्रमाचं नाव आणि साल टाकलंस तर हे तिघे येतील. हीच रीत सगळीकडे लाव. फ्रान्सच्या सरकारी टीव्हीवर ‘पॉप २’ नावाचा कार्यक्रम होता. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडमधून पुढे आलेले लू रीड, जॉन केल आणि निको २९ जानेवारी १९७२ ला पॅरिसच्या बाताक्लान सभागृहात एकत्र बसून गायले ते त्याच कार्यक्रमाने टिपलं. फ्रान्सचं जुनं टीव्ही साहित्य आता ‘इना’ या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या लोकवर्गणीवर चालणाऱ्या केंद्राने १९७० मध्ये पिंक फ्लॉइडला प्रेक्षकांशिवाय फिलमोर वेस्ट सभागृहात वाजवायला लावून तासाभराचा कार्यक्रम केला. त्याच सुमारास त्याच केंद्राने जेफरसन एअरप्लेन आणि क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस यांनाही टिपलं. लेड झेपेलिन अगदी नवे असताना, मार्च १९६९ मध्ये, डेन्मार्कच्या टीव्हीने त्यांना ग्लॅडसॅक्सच्या स्टुडिओत बोलावलं होतं. छोट्या देशांच्या टीव्हीकडे दुर्लक्ष करू नकोस. मोठ्या केंद्रांनी पुसून टाकलेलं तिथे सुखरूप सापडतं.

पुसून टाकलेलं म्हणजे खरोखर पुसलेलं. त्या काळी टीव्हीची दोन इंची टेप फार महाग होती, आणि ती पुन्हा वापरता यायची. त्यामुळे बीबीसीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या आपल्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे साठच्या दशकातले बहुतेक भाग पुसून त्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं. १९६७ मध्ये आपला पहिला म्होरक्या सिड बॅरेट याच्यासह पिंक फ्लॉइड त्या कार्यक्रमात आला, तेही असंच गेलं असं धरलं होतं. मग एका खासगी संग्रहातून खराब झालेली एक प्रत वर आली आणि २०१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ती दाखवली गेली. डेव्हिड बोवीचा त्याच कार्यक्रमातला जानेवारी १९७३ चा प्रसंग तर तू पाठच कर, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. जॉन हेनशॉल नावाच्या कॅमेरामनने त्या दिवशी स्वतःची फिशआय, म्हणजे खूप रुंद आणि गोलसर चित्र देणारी लेन्स वापरली होती. ते काम आपल्याकडे असावं म्हणून त्याने एक प्रत मागून घेतली. बीबीसीची मूळ टेप गेली, त्याची प्रत राहिली, आणि २०११ मध्ये ती जगापुढे आली. बोवीच्या नावाने शोधणारे तोवर अडतीस वर्षं हात हलवत बसले होते.

फिल्मचं उलट. फिल्म पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ती पुसायला कुणी जात नाही. ती फेकतात किंवा विसरतात. हॉकविंड या इंग्लंडच्या बँडने १९७२ मध्ये स्टुडिओत येऊन नुसते ओठ हलवायला नकार दिला, तेव्हा त्यांचा डन्स्टेबलच्या सिव्हिक हॉलमधला कार्यक्रम फिल्मवर घेऊन तोच टीव्हीवर दाखवला, आणि तो आज आपल्याला बघायला मिळतो. म्हणून एखाद्या कार्यक्रमाची नोंद सापडली की पहिल्यांदा बघ, तो फिल्मवर घेतला की टेपवर. फिल्म असेल तर आशा सोडू नकोस, मग ती पैशावाचून कितीही वर्षं पडून असो. मरी लर्नर या दिग्दर्शकाने १९७० चा इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरचा जलसा फिल्मवर घेतला, त्याची मुख्य फिल्म नव्वदच्या दशकात निघाली आणि त्यातलं डोअर्सचं पूर्ण वादन २०१८ मध्ये. कोलोनमध्ये फेब्रुवारी १९७२ ला झालेल्या ‘कॅन’ या जर्मन बँडच्या मोफत जलशाची फिल्म पेटर प्रिझिगोडाने केली. तो पुढे विम वेंडर्स या दिग्दर्शकाचा संकलक म्हणून नावाजला. अशा वेळी दिग्दर्शकाचं नाव घेऊन शोधलं की पूर्ण फिल्म हाती लागते. बँडच्या नावाने लागतात ते कापलेले तुकडे.

आता बातम्यांचं फुटेज. माझ्या मते अजून न उघडलेला सगळ्यात मोठा खजिना हाच आहे. १५ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ठिकठिकाणी मेळावे झाले. डॅलसच्या मेळाव्यात व्हेल्व्हेट अंडरग्राउंड वाजवत होते, आणि त्याचं रंगीत फुटेज तिथल्या विद्यापीठाच्या फिल्म संग्रहातून बाहेर आलं. कॅमेरेवाला आला होता मेळावा टिपायला. डब्यावर चिठ्ठी लावणाऱ्याला बँडशी काय देणंघेणं? त्याच्या लेखी ते आंदोलन होतं, हिप्पी होते, गर्दी होती, वाहतूक तुंबली होती. तूही त्याच शब्दांनी शोध. शहराचं नाव, तारीख, ‘पॉप फेस्टिव्हल’, ‘विद्यार्थी निदर्शनं’, ‘लांब केसांचे तरुण’. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठात बे एरियाच्या टीव्ही केंद्रांच्या बातम्यांचा मोठा संग्रह आहे. ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये पंच्याऐंशी हजार चित्रफिती यूट्यूबवर टाकल्या. हे सगळं मोकळं आहे, फक्त शोधताना चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं.

जपानचं उदाहरण आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. नारिता विमानतळासाठी सानरिझुकाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेत होते, त्याविरुद्ध मोठा लढा झाला. ऑगस्ट १९७१ मध्ये त्या लढ्याच्या जागीच एक संगीत महोत्सव भरला. केइजी हाइनोचा ‘लॉस्ट आराफ’ आणि ‘झुनो केइसात्सु’ तिथे वाजवून गेले. या बँडचं काही शोधायचं तर रॉकच्या दुकानात जाऊन उपयोग नाही, जमीन संपादनाच्या आंदोलनाच्या फिल्म बघायच्या. आणि नावं रोमन लिपीत टाकू नकोस. विकिपीडियावर त्या बँडच्या पानाची जपानी आवृत्ती उघड, तिथलं नाव जसंच्या तसं उचल आणि शोधाच्या चौकटीत चिकटव. ‘ले रालिझ देन्यूदे’सारखा बँड, ज्याने हयातभर स्टुडिओला जवळपास टाळलं, तो फक्त मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्येच जगला. त्याच्यासाठी ही एक युक्ती निकाल पार बदलते. एर्किन कोराई, बारिश मान्चो या तुर्की गायकांसाठी तुर्की भाषेत शोध, तुर्कीच्या सरकारी टीव्हीने आपला जुना साठा स्वतंत्र चॅनेलवर उघडला आहे. ब्राझीलच्या मुतांतेस या बँडसाठी पोर्तुगीज. १९६७ च्या टीव्ही रेकॉर्ड वाहिनीच्या गीतस्पर्धेत जिल्बेर्तो जिल या गायकाच्या मागे ही पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी आहेत, तो प्रसंग चुकवू नकोस.

खरं-खोटं ओळखायचा तुझा दुसरा प्रश्न. इथे घाई करू नकोस, आवाज बंद करून बघायला शीक. पहिल्यांदा गिटारला वायर आहे का बघ. त्या काळच्या टीव्हीवर पुष्कळ बँड रेकॉर्डवर हात हलवत, ‘अमेरिकन बँडस्टँड’वर तर तीच पद्धत होती. वायर नाही, ड्रमजवळ माइक नाही, मागे अँप्लिफायर नाही, तर ते वादन नव्हे. फुटेज अस्सल असेल, पण लाइव्ह नाही. मग आवाज लाव आणि डोळा ड्रमरच्या डाव्या हातावर ठेव. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, काठी पडते आणि आवाज येतो, यात एकसारखं अंतर राहिलं तर ती उतरवतानाची चूक, ती दुरुस्त होते. पण अंतर कधी पुढे, कधी मागे जात असेल, किंवा झांज वाजतेय आणि काठी भलतीकडेच आहे, तर दुसऱ्याच दिवसाचा आवाज चिकटवलाय.

चिकटवलेला आवाज म्हणजे लबाडीच असं नाही. सुपर एट कॅमेरा १९६५ मध्ये आला, त्याच्या पन्नास फुटी डब्यात सेकंदाला अठरा चित्रांच्या वेगाने जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद मावत, आणि आवाजासहितचा डबा कोडॅकने १९७३ मध्ये काढला. म्हणजे त्याआधीचं प्रेक्षकाने काढलेलं सुपर एट जवळपास सगळं मुकं. त्या रात्रीचं कुणीतरी खिशातल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं ध्वनिमुद्रण मिळालं, तर जाणकार ते चित्राशी सेकंदासेकंदाने जुळवतात. फार चिकाटीचं काम आहे ते. ज्याने जुळवलं तो खाली तसं लिहितो, आवाज कुठला आणि चित्र कुठलं ते सांगतो. जिथे १९६८ चं थिएटरातून काढलेलं एट एमएम आहे, आवाज विकतच्या कॅसेटसारखा स्वच्छ आहे आणि खाली एक अक्षर नाही, तिथे सावध हो.

आणखी एक खूण, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. सेकंदाला चोवीस चित्रांची फिल्म युरोपच्या किंवा आपल्या टीव्हीसाठी पंचवीसच्या वेगाने चालवतात. म्हणजे सगळं चार टक्के जलद होतं आणि सूर चढतो, हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या (काळ्या धरून) अंतराच्या सुमारे पाऊणभर. गायकाचा आवाज जरा बारीक वाटला, गाणं जरा पळतंय असं वाटलं, तर वेग शहाण्णव टक्क्यांवर आणून ऐक. माणसं पुन्हा माणसांसारखी चालायला लागतात.

अलीकडे जुनं फुटेज एआयने ‘फोर-के’ करून टाकायची लाट आलीय. त्याने मला मनापासून त्रास होतो. चेहरे मेणाचे होतात, बोटं एकमेकांत वितळतात, मागच्या गर्दीत नसलेली तोंडं उगवतात. जुन्या ट्यूब कॅमेऱ्यात स्टेजच्या दिव्यामागे प्रकाशाची एक शेपटी ओढली जायची. ती त्या रात्रीची खरी खूण, ती पुसली की काळच पुसला. अशा व्हिडिओखाली मूळ कुठून घेतलं ते शोध आणि मूळ बघ, मग ते कितीही धुरकट असो.

मूळ कुठून आलं याची नोंद ठेवणं, हे तर आपल्या खान्देशात कुणी सांगायची गरज नसावी. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांनी वाड्यावाड्यांतून दफ्तरं गोळा केली, तेव्हा कागदाइतकंच, कागद कुणाच्या घरचा हे महत्त्वाचं मानलं. फुटेज गोळा करणाऱ्या जुन्या मंडळींची तीच शिस्त. फायलीबरोबर एक छोटी मजकुराची फाइल असते. कुठला कार्यक्रम, कुठली तारीख, पहिली प्रत कुणाची, त्यावरून कितवी प्रत, कुठल्या व्हीसीआरवरून उतरवली. व्हीएचएसवरून व्हीएचएस केली की दर वेळी रंग पसरतात, कडा थरथरतात. तिसऱ्या-चौथ्या प्रतीला वादकाच्या चेहऱ्याचा नुसता डाग उरतो. म्हणून एकच मैफल चार ठिकाणी मिळाली तर चारही बघ आणि सगळ्यात वरच्या पिढीची ठेव.

आपल्या देशातलं फुटेज शोधायचं तर आधी एक हिशोब मांड. दिल्लीत दूरदर्शन १९५९ ला सुरू झालं, पण मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. सिमला सिगारेटच्या ‘सिमला बीट’ या बँडच्या स्पर्धांच्या रेकॉर्ड निघाल्या त्या १९७० आणि १९७१ च्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोकळ्या माळावरचा रॉक महोत्सव झाला, तोही त्याच सुमाराचा. मुंबईत टीव्ही नव्हताच, तर टीव्हीचं फुटेज कुठून असणार? राहिला तो फिल्म्स डिव्हिजनचा साठा, पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय, आणि घरोघरचे एट एमएमचे डबे. या तिसऱ्या जागेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती, त्यांची मुलं-नातवंडं मुंबईत शिकली, नाचली, वाजवली. अशा घरांतून नाताळ-लग्नाच्या फिल्म माझ्याकडे येतात. मी प्रत्येक रीळ शेवटच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत बघतो. रीळ संपवायचं म्हणून लोक शेवटी काहीही टिपत.

कॅसेटीचंही तेच, आणि इथून तुझ्या मामांच्या खोक्याकडे येतो. एकशे ऐंशी मिनिटांच्या कॅसेटवर लग्न दोन तासांत संपतं. आपले शूटिंगवाले कोरीच कॅसेट वापरत असं नाही. बिदाई झाली, गाडी हलली, पडद्यावर मुंग्या आल्या, की लोक स्टॉप दाबतात. मी दाबत नाही. एरंडोलकडच्या एका लग्नाच्या कॅसेटवर मुंग्या संपल्या आणि कोपऱ्यात म्युझिक चॅनेलचं चिन्ह असलेला, मुंबईच्या एका बँडचा स्टेजवरचा तुकडा सुरू झाला, गाण्याच्या मधूनच. एमटीव्ही आपल्याकडे डिशवर आला तो १९९१ मध्ये, पुढे केबलने गावोगाव गेला. त्या वर्षांतलं किती तरी प्रसारण आज फक्त अशा घरगुती कॅसेटींवर असेल. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गॅदरिंगच्या कॅसेटीही त्यातच धर. शिरपूर, धुळे, जळगावात पोरांनी स्टेजवर डिस्टॉर्शन लावून वाजवलेलं शूटिंगवाल्याने टिपलंय, आणि ते माळ्यावर उन्हात शिजतंय.

तर आता मामांकडे गेलास की एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नकोस. बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसते का बघ, ज्यांना आहे त्या वेगळ्या पिशवीत घाल. तोंडाला मास्क लाव, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नकोस. कॅसेटच्या कडेला रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची टॅब असते, ती सगळ्यांची तोडून टाक, म्हणजे चुकूनही कुणाचं बोट रेकॉर्डवर पडून मजकूर जाणार नाही. प्रत्येकीच्या लेबलचा फोटो काढ. मामा कोणत्या साली, कोणत्या गावी, कुणाच्या केबलवर रेकॉर्ड करत होते ते विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घे. हे आज विचारायचं काम आहे, उद्याचं नाही.

बुरशीची कॅसेट साफ करायची रीत अशी. खालचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही चाकं उचलून बुरशी नसलेल्या दुसऱ्या खोळीत बसवायची. मग फक्त याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या मशीनवर, सुती धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडामधून टेप सावकाश एकदा पुढे, एकदा मागे न्यायची, कापड सतत बदलत. त्यानंतरच चांगल्या मशीनवर घ्यायची. उतरवताना एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित जात) मशीन आणि टाइम बेस करेक्टर हे यंत्र मिळालं तर उत्तम, त्याने थरथरणाऱ्या कडा सरळ होतात. सातशे वीस गुणिले पाचशे शहात्तर, इंटरलेस्ड (एका चित्राच्या दोन अर्ध्या ओळींत) आहे तसंच, दर्जा न घटवणाऱ्या ‘लॉसलेस’ पद्धतीने घ्यायचं. तासाला तीसेक जीबी जागा जाते, जाऊ दे. दाखवण्यासाठीची प्रत सेकंदाला पन्नास चित्रांवर कर, पंचवीसवर नको, नाहीतर गिटारवाल्याच्या हाताची अर्धी हालचाल फेकली जाते. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या घरांत ठेव. जगासमोर टाकण्याआधी त्यात कुणाचे हक्क आहेत ते बघ. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो, आणि ज्या बँडची माणसं हयात आहेत त्यांना आधी कळवलं तर ती बहुतेक वेळा खूश होतात, कधी कधी तारीखही सांगतात.

खोकं जळगावला आणायचं असेल तर पावसाळ्यात आणू नकोस, आणि एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांत तर मुळीच नको. दिवाळीनंतर आण. तोवर कॅसेटी पत्र्याच्या खोलीतून काढून घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. आणि ज्या लेबलवर नुसतं ‘मिक्स’ लिहिलंय, ती सगळ्यात वर ठेव, मी तिच्यापासून सुरुवात करीन.